समोरचा उजवा कोपरा

३ नोव्हेंबर

सुतळीस,

टेबल पोचलं असेल. त्यावर कुठे ओरखडा दिसला तर तो टेम्पोतला, माझ्या शेडमधला नव्हे. मी मेव्हण्यांना म्हटलं होतं की तुम्ही कशाला धावपळ करता, टेम्पोवाला नीट आणेल. पण स्वतः आले. लिफ्ट तपासणाऱ्या माणसाला एवढी सुट्टी कशी मिळते कोण जाणे.

तू फोनवर बोलू म्हणालीस, पण फोनवर आपण भांडतो. लिहिताना निदान खोडता येतं. तेव्हा नीट वाच. या माशांच्या टाकीला काठ नाही, खाली चौकटही नाही. चौकटीची टाकी चार कडांवर उभी राहते, मध्ये थोडं उणं-अधिक असलं तरी खपवून घेते. हिची तळाची काच मात्र सगळीच्या सगळी टेबलावर टेकायला हवी. पाणी, वाळू, दगड धरून अडीचशे किलो होतील. एका कोपऱ्याखाली पोकळी राहिली तर ते सगळं वजन काचेला पिळत बसेल आणि एक दिवस जोड सुटेल. खाली फोमचा पातळ तुकडा घाल. पण फोम बारीक खडा नाहीतर कण पोटात घेतो, वाकडं टेबल सरळ करत नाही.

अर्थात माझं टेबल सरळच आहे. फळीच्या दोन्ही टोकांना पट्ट्या ठेवून, एक डोळा मिटून, त्या एका रेषेत दिसतात का म्हणून तीनदा नजर मारली आहे. तीस वर्षं हेच करतोय.

पुढच्या महिन्यात तीन तारखेला तो टाकीवाला तुझ्याकडे येणार, भरलेली टाकी बघणार आणि पटलं तर त्याच्या दुकानासाठी अशी दहा टेबलं मला सांगणार. तुला माहीत आहे, वर्षभर शेडमध्ये कुणी फिरकत नाही. हे काम गेलं तर शेड रिकामी करून द्यावी लागेल, आणि मग मी दिवसभर काय करायचं ते तूच सांग. नाक्यावर नवं फर्निचरचं दुकान झालंय, ते माझ्याबद्दल काहीबाही पसरवतात असा मला दाट संशय आहे.

मेव्हण्यांना टेबलाला हात लावू देऊ नकोस.

दादा

&nbsp;

८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

टेबल देखणं आहे. शेजारीण आली आणि आधी टेबलावर हात फिरवला, टाकीकडे नंतर पाहिलं. ही झाली चांगली बातमी.

आता दुसरी. रागावू नकोस, पूर्ण वाच. टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवलं, पाय हलत नाहीत ना ते पाहिलं. लेव्हल मधोमध ठेवली तर बुडबुडा बरोबर मध्ये. मग आम्ही दोघांनी रिकामी टाकी वर ठेवली, फोम न घालता, नुसती बघायला. चारी बाजूंनी कागद सरकवून पाहिला. कुठेच जाईना. समोरच्या उजव्या कोपऱ्यात मात्र सुळकन आत. तो कोपरा वरून दाबला तर टाकी किंचित डुलते आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात फट पडते.

मी यांच्याकडे पाहिलं. यांना आश्चर्य वाटलं नाही. हेच मला खटकलं. सकाळी चहात साखर कमी पडली तरी ज्यांच्या भुवया वर जातात, ते खाली बसून फटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "राहू दे. अजून तीन आठवडे आहेत." आणि उठून पेपर वाचायला गेले. दादा, कुठेतरी पाणी मुरतंय.

यापुढे पत्र घरी पाठवू नकोस. दातांच्या डॉक्टरांच्या पत्त्यावर पाठव, मी दुपारभर तिथेच पेशंटच्या वेळा लिहीत बसलेली असते. घरी आलेलं पत्र आधी यांच्या हातात पडतं.

तुझी सुतळी

&nbsp;

१२ नोव्हेंबर

सुतळीस,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. माझ्या टेबलात कागद सरकतो! तीस वर्षांत कुणाची हिंमत झाली नव्हती.

मी त्या दिवसाचा नीट विचार केला. मेव्हणे सकाळी दहाला आले. टेम्पो बाराला येणार होता. दोन तास हा माणूस शेडमध्ये काय करत होता? माझ्या मागे-मागे फिरत होता. फळ्यांवर हात फिरवत होता. मी नजर मारायला वाकलो की हा समोर येऊन माझ्या तोंडाकडे बघायचा, फळीकडे नाही. मग खिशातून कागद काढून काहीतरी टिपायचा. आणि वर मला म्हणतो, "दादा, त्या कॅलेंडरवर आज तारीख काय हो?" हातात घड्याळ, खिशात फोन, आणि तारीख मला विचारतो! मी चष्म्याशिवाय खणखणीत वाचून दाखवली. तर म्हणे, "बरं बरं."

टेम्पोत माझं टेबल आणि तो, दोघंच होते. साडेतीन तास. पुढे मी काही लिहीत नाही.

आता तू एक कर. टाकी खाली उतरव. टेबलाच्या चारी कोपऱ्यांवर एकसारखी बटणं ठेव आणि त्यांच्यावरून दोन दोरे तिरके ताण, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात. मध्ये जिथे ते एकमेकांवरून जातात तिथे बघ. फळी सपाट असेल तर दोरे एकमेकांना टेकतील. पिळलेली असेल तर मध्ये फट दिसेल. आठ वर्षांची असल्यापासून माझ्या दोरीचं दुसरं टोक तू धरायचीस, सुतळी नाव उगाच नाही पडलं. मेव्हणे कामावर गेल्यावर कर.

दादा

&nbsp;

१७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

केलं. दोऱ्यांमध्ये फट आहे. डॉक्टरांची व्हिजिटिंग कार्डं मी घरी नेली होती, मोजून तीन कार्डं बसतात. म्हणजे मध्ये एक मिलिमीटर आणि कोपऱ्याला त्याच्या दुप्पट, साधारण दोन.

हे झालं शुक्रवारी. आता पुढचं ऐक. शनिवारी पुन्हा मोजलं, दोनच कार्डं बसली. मला वाटलं माझाच दोरा सैल असेल. म्हणून आज पुन्हा मोजलं. एक कार्ड आणि थोडं. दादा, लाकूड आपणहून असं सरळ होत नाही ना?

मग मी शोधाशोध केली. नवऱ्याच्या वस्तू उचकणं बरं नाही हे कळतं, पण केली. कचऱ्याच्या डब्यात तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली लाकडाची पातळ सालपटं मिळाली. यांच्या कामाच्या पिशवीत लिफ्टच्या चाव्यांखाली एक छोटा रंधा होता. या माणसाने आमच्या लग्नापासून भिंतीत एक खिळा ठोकलेला नाही! आणि लिफ्टच्या जाडजूड पुस्तकात एक कागद. त्यावर तुझ्या टेबलाचं चित्र, चार कोपरे, प्रत्येकापुढे आकडे. खाली आणखी दोन चित्रं आहेत, ती कशाची ते कळलं नाही. मी कागद होता तसा ठेवून दिला.

मी दुपारी कामावर असते आणि यांची हल्ली दुपारची पाळी नसते. म्हणजे मी बाहेर पडले की हे तुझं टेबल तासत बसतात. रात्री जेवताना मी सहज विचारलं, "आज दुपारभर काय केलंत?" तर म्हणाले, "झोपलो." मी यांच्या बाहीवरचा भुसा बघत होते.

मला रडू आलं रे. खोटं बोलणाऱ्यातला माणूस नाही हा. निदान मला तसं वाटत होतं.

सुतळी

&nbsp;

२१ नोव्हेंबर

सुतळीस,

मला सगळं लख्ख दिसतंय. बहिणीचं घर म्हणून आजवर गप्प बसलो.

गेल्या वर्षी हेच मेव्हणे मला काय म्हणाले आठवतं? "दादा, करवत सोडा आता. आमच्या कंपनीत लिफ्टच्या आतल्या पट्ट्या बसवायचं काम आहे, सावलीतलं." मी करवत सोडू? मी त्यांना तोंडावर नाही म्हटलं, ते त्यांच्या मनाला लागलं. आता टाकीवाल्यासमोर माझं टेबल फसलं की माझी शेड गेली, आणि मग हा साळकाया-माळकायांसमोर सांगत फिरणार की मेव्हण्याला मी कामाला लावलं.

आधी वाकडं केलं, आता थोडं थोडं तासून आणखी वाकडं करतोय. फट कमी होतेय म्हणतेस तो तुझा भ्रम. त्या माणसाला रंधा धरता तरी येतो का?

मी दुसरी फळी केली आहे. काल आणि आज, दोन दिवस, दुसरं काही केलं नाही. शेडमध्ये उजेड कमी वाटत होता म्हणून नवा बल्ब आणला, तोही मिणमिणता निघाला. हल्ली बल्बसुद्धा फसवे येतात. पण पाच वेळा नजर मारली. ही फळी पार्सलच्या गाडीने दातांच्या डॉक्टरांकडे येईल. तिथेच उघड. तिथेच दोरे ताणून बघ. मेव्हण्यांचा हात लागण्याआधी तू स्वतः बघितलंस की दूध का दूध होईल. मग वरची फळी बदलून घे आणि त्या खोलीला कुलूप घाल.

आणि तो कागद मला पाठव.

दादा

&nbsp;

२६ नोव्हेंबर

प्रिय दादा,

हे पत्र शेडमध्ये वाचू नकोस. घरी जा, खुर्चीवर बस, मग पुढे वाच.

फळी सोमवारी आली. दुपारी पेशंट नव्हते, तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या बाकावर ठेवली. दोऱ्याचं दुसरं टोक डॉक्टरांनी स्वतः धरलं, दात उपटायच्या पोशाखातच. बटणं ठेवली, दोरे ताणले. यांनी ती फळी पाहिलेलीसुद्धा नाही. आणि दादा, तीन कार्डं बसली. तोच कोपरा. समोरचा उजवा.

मी तशीच घरी गेले. हे टेबलासमोर गुडघ्यांवर बसले होते, हातात रंधा. मला बघून चोरासारखे उठले. मी म्हटलं, "माझ्या भावाने तुमचं काय वाईट केलंय?"

"काही नाही," म्हणाले.

"मग त्याचं टेबल का बिघडवताय?"

"बिघडवत नाही. सरळ करतोय. लिफ्टचा दरवाजा घासतो तेव्हा आम्ही असंच करतो, रोज थोडं. एकदम जास्त गेलं तर परत लावता येत नाही."

मी म्हटलं, मग लपवता कशाला? तेव्हा त्यांनी तो कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ती दुसरी दोन चित्रं कशाची होती सांगते. एक आमच्या स्टुलाचं, तू तीन वर्षांपूर्वी करून दिलेल्या. त्याच्या चारी कोपऱ्यांना शून्य. दुसरं चपलांच्या मांडणीचं, तूच गेल्या वर्षी दिलेल्या. एका कोपऱ्याला एक मिलिमीटर. आणि या टेबलाला दोन. कोपरा प्रत्येक वेळी तोच. रंधा मारताना तुझा हात उजव्या कोपऱ्यावर जड पडतो, हे तूच मला लहानपणी सांगायचास. पूर्वी तुझी नजर ते पकडायची.

गेल्या वर्षी मांडणी डुगडुगली तेव्हापासून यांच्या मनात होतं. म्हणून करवत सोडा म्हणाले. म्हणून टेबल न्यायला स्वतः आले. तू नजर मारताना तुझ्या तोंडाकडे बघत होते, कारण त्यांना बघायचं होतं की तू कोणता डोळा मिटतोस. तू डावा मिटतोस. नेहमीच. म्हणजे फळी बघतोस ती फक्त उजव्याने.

दादा, आता डावा डोळा तळहाताने झाक आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघ. हे वाचता वाचता कर. मी थांबते.

कॅलेंडर तू यांना वाचून दाखवलंस ते दोन्ही डोळ्यांनी. एरवी डावा सांभाळून घेतो, म्हणून तुला कळलं नाही. घरात दुसरं माणूस असतं तर कळलं असतं. वहिनी असती तर तिने कधीच पकडलं असतं.

मी यांना विचारलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तुझा भाऊ माझ्याकडून पाण्याचा ग्लास घेतानासुद्धा आत काय आहे बघतो. मी डोळ्याचं बोललो असतो तर त्याने ते करवत हिसकावणं समजलं असतं. म्हटलं आधी टेबल सरळ होऊ दे, काम मिळू दे, मग बघू."

टेबल आता सरळ आहे. मी स्वतः मोजलं, एकही कार्ड जात नाही. तीन तारखेला टाकीवाल्याला दाखवलं तर त्याला काही कळणार नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव, टेबल तुझं आहे. मी तुझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून नवऱ्याच्या पिशव्या उचकल्या, याची मला लाज वाटते. पण त्याहून जास्त भीती वाटते. करवतीला बोट लागायला किती वेळ लागतो, तुला माहीत आहे.

तुझी सुतळी

&nbsp;

३० नोव्हेंबर

सुतळीस,

तुझं पत्र मी शेडमध्येच वाचलं. तू नको म्हणालीस म्हणून.

डोळा झाकला. भिंत दिसली. भिंतीवर कॅलेंडर आहे हे मला आठवतं म्हणून ते दिसल्यासारखं वाटलं. मग जवळ गेलो. हाताला कागद लागला तेव्हा कळलं की मी त्याच्यासमोर उभा आहे. आधी मला त्या कॅलेंडरवाल्याचाच राग आला, फिका छापतो म्हणून. मग शेडमध्ये स्टुलावर बसलो आणि वर्षभराची गिऱ्हाइकं आठवली. नाक्यावरच्या दुकानाने काही पसरवलं नव्हतं. मीच वाकडी कपाटं देत होतो आणि लोक संकोचाने बोलत नव्हते. माझ्यावर दया करत होते. ते मला जास्त लागलं.

टाकीवाल्याला फोन केला. सगळं खरं सांगितलं, टेबल कुणी सरळ केलं तेही.  मग म्हणाला, "मला टेबल सपाट हवं. कोण सपाट करतं त्याच्याशी मला काय करायचंय? पण प्रत्येक टेबल तपासून सही कोण करणार?" माझ्या तोंडून निघून गेलं, माझे मेव्हणे. त्यांना न विचारता. आता त्यांना विचार. नाही म्हणाले तरी मी काही बोलणार नाही, बोलायला मला तोंड नाही. मी त्यांना काय काय म्हटलं ते तुझ्याकडे लिहून ठेवलेलं आहे, ती पत्रं जाळून टाक.

डोळ्याची काळजी करू नका. आज सकाळीच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आलो. मोतीबिंदू आहे, घाई नाही, चार-सहा महिन्यांनी बघू म्हणाले. थेंब दिलेत. करवत चालवायला हरकत नाही असंही म्हणाले. तुम्ही इकडे येण्याची मुळीच गरज नाही, उगाच सुट्ट्या वाया घालवू नका.

दादा

&nbsp;

४ डिसेंबर

आदरणीय दादांस,

मी पत्रं लिहीत नाही. मला अहवाल लिहायची सवय आहे, तसंच लिहितो. चूकभूल समजून घ्यावी.

परवा टाकी भरली. आधी पाव, मग दोन तास थांबून अर्धी, मग पूर्ण. पाण्याची रेघ चारी कडांना सारखी आहे. काल टाकीवाले येऊन गेले. त्यांनी समोरच्या उजव्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने कागद सरकवून पाहिला, गेला नाही. तुम्ही फोनवर खरं बोललात म्हणूनच आलो, असं म्हणाले. आधी दोन टेबलं सांगितली आहेत. ती बरी निघाली तर बाकीची आठ.

सही मी करीन. वाकडं असेल तर वाकडं म्हणेन, आणि तुम्ही तेव्हा माझ्या हेतूवर जाऊ नये. एवढीच अट आहे.

तुमची पत्रं तिने जाळली नाहीत, मला वाचायला दिली. टेम्पोतल्या साडेतीन तासांबद्दल सांगतो. ते तास मी तुमच्या टेबलाला धरून उभा होतो, कारण टेम्पोवाल्याने दोर आणला नव्हता.

आता तुमच्या शेवटच्या पत्राबद्दल. ते तुम्ही तीस तारखेला लिहिलंत आणि त्याच सकाळी डॉक्टरांकडे जाऊन आलात असं त्यात आहे. तीस तारखेला रविवार होता. तुमच्या बाजूला डोळ्यांचे दोन दवाखाने आहेत. मी दोन्हीकडे फोन केला. रविवारी दोन्ही बंद असतात आणि तुमचं नाव दोन्हीकडे नाही. करवतीची परवानगी देणारा डोळ्यांचा डॉक्टर मी अजून पाहिलेला नाही.

तिला मला सांगावं लागलं नाही. तिने दुसऱ्यांदा वाचलं आणि तिनेच कॅलेंडर काढलं. म्हणाली, "हा खोटं बोलतोय हो." आणि कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं. मग म्हणाली, "त्याने हाकललं तरी आपण जायचं. तो घाबरलाय."

माझ्या वरिष्ठांकडून चार दिवसांची सुट्टी घेतली आहे. शनिवारी सकाळी आठला आम्ही तुमच्याकडे पोचू. नऊ वाजताची वेळ मोठ्या दवाखान्यात घेतली आहे, तुमच्या नावाने. तोपर्यंत करवत सुरू करू नये, ही विनंती नाही. टेबलांचं आपण डॉक्टर काय म्हणतात ते ऐकून ठरवू. डोळा किती परत येईल मला माहीत नाही. कमी आला तर फळीचं माप तुमच्याऐवजी मी घेईन, रंधा तुम्हीच मारा, मला तो नीट येत नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

ती शेजारी बसून हे वाचते आहे आणि रडते आहे. शेवटी एवढंच लिहा म्हणाली की शनिवारी आतून कडी लावून, घरी नसल्याचं दाखवून बसू नकोस. आम्ही दारात थांबून राहू.

आपला,
मेव्हणा